‘चॅलेंज व्होट मागा’ : एका मेसेजमागची पार्श्वभूमी

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडली तर तिथं फेरमतदान होतं. पाठवणारा चांगल्या मनानं पाठवतो. निवडणूक आयोगानं खुलासा केला, तरी मेसेज पुन्हा येतोच. त्यातली पहिली आणि तिसरी गोष्ट साफ खोटी आहे, मधली खरी आहे. ती खरी गोष्ट खोट्यांच्या मध्ये अडकून पडावी याचं मला फार वाईट वाटतं.

आधी आकडे पाहू. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, मतदाराच्या हक्काशी त्याचा काही संबंध नाही. १४ टक्क्यांची अट तर कुठल्याच नियमात नाही.

‘चॅलेंज’ हा शब्द मात्र खरा आहे, फक्त त्याचा अर्थ मेसेजमध्ये उलटा झाला आहे. तो अधिकार मतदाराचा नाही, उमेदवाराच्या पोलिंग एजंटचा आहे. मत द्यायला आलेला माणूस यादीतल्या त्या नावाचा नव्हेच, असं एजंटला वाटलं तर तो केंद्राध्यक्षाकडे २ रुपये रोख भरून आक्षेप घेतो. तिथल्या तिथे चौकशी होते. आक्षेप टिकला नाही तर त्या माणसाला मत देता येतं. टिकला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं जातं. उगाच त्रास द्यायला आक्षेप घेतला असं दिसलं तर ते २ रुपये जप्त होतात. १९६१ साली २ रुपयांना किंमत होती. रक्कम आजही तेवढीच आहे.

तोतयेगिरीचा धाक आपल्याकडे स्वातंत्र्याच्याही आधीपासूनचा आहे. दुसऱ्याच्या नावानं मत देणं हा गुन्हा ठरवणारं प्रकरण भारतीय दंड संहितेत १९२० साली घातलं गेलं. तेव्हा मतदार मूठभर होते. पुढे राज्यघटना लागू होण्याआधीच प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव यादीत घ्यायचं काम सुरू झालं आणि १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत १७ कोटींवर मतदार नोंदले गेले. बोटाला शाई लावायची पद्धत त्याच निवडणुकीपासूनची. म्हैसूरच्या कारखान्यातली शाई १९६२ पासून येऊ लागली.

त्या पहिल्या यादीतली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. उत्तरेकडच्या अनेक बायकांनी नोंदणीला आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. आपल्या जुन्या कागदांवर निदान ‘सखूबाई भ्र. तुकाराम’ असं असायचं, बाईचं नाव आधी आणि नवऱ्याचं मागून. तिथं बाईचं नावच नव्हतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःचं नाव सांगू लागल्या. यादीत नाव नाही तर मत नाही, हे देशानं पहिल्यांदा अनुभवलं ते असं.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ हेच सांगतं : यादीत नाव आहे त्याला मताचा हक्क आहे, नाव नाही त्याला नाही. आणि उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटो ओळखपत्र आणलं, तेव्हापासून हातात कार्ड आहे म्हणजे मत आहे असा समज घट्ट झाला. कार्ड फक्त ओळख पटवतं. २०१४च्या लोकसभेला पुण्यात आणि मुंबईत कार्ड हातात घेऊन कितीतरी लोक परत फिरले, कारण यादीत नाव नव्हतं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. मत मात्र कुणालाच देता आलं नाही. आधार दाखवून मत मिळतं असं सांगणारा मेसेज या रागावरच पोसला जातो असं मला वाटतं.

आता मधली, खरी गोष्ट. तासभर रांगेत उभं राहून बाई आत जातात. मतदान अधिकारी यादीवर बोट फिरवतो, थांबतो आणि म्हणतो, “ताई, तुमचं मतदान झालंय.” बाईंच्या बोटाला शाई नाही. नमुना १७अ च्या नोंदवहीत त्यांच्या क्रमांकासमोर दुसऱ्याच कुणाची सही. मागून रांग ओरडत असते. बहुतेक जण इथूनच मान खाली घालून घरी जातात.

तिथं म्हणायचं एवढंच, की मला केंद्राध्यक्षांना भेटायचंय, मला प्रदत्त मत द्यायचंय. ‘टेंडर व्होट’चं हे मराठी नाव. नियम ४९प प्रमाणे केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतात. उत्तरं पटली की नमुना १७ब वर सही घेतात आणि छापील मतपत्रिका देतात. बाई आडोशाला जाऊन बाणफुलीचा शिक्का मारतात, घडी घालतात आणि ती केंद्राध्यक्षांच्या हाती देतात. ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. यंत्राचं बटण मात्र दाबायला मिळत नाही.

ही रीत ब्रिटनची. १८७२च्या कायद्यानं तिथं गुप्त मतदान आलं, तेव्हाच अशा मतदारासाठी वेगळ्या रंगाची मतपत्रिका ठरली आणि ती पेटीत टाकायची नाही हेही. आपल्याकडे यंत्रं आली तेव्हा १९९२ साली नवे नियम जोडले गेले. त्यांतही ही कागदी मतपत्रिका टिकून राहिली.

मतमोजणीला हे मत मोजत नाहीत, हे ऐकून पुष्कळजण हिरमुसतात. पण निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, तीही उमेदवाराइतकीच साध्या मतदारालासुद्धा, आणि फरक थोड्या मतांचा असेल तर ते पाकीट महत्त्वाचं ठरू शकतं. गोव्यातल्या निवडणुकीवरून सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या विल्फ्रेड डिसोझा विरुद्ध फ्रान्सिस फेराव या खटल्यात हाच प्रश्न होता. आधीचं मत खऱ्या मतदाराचं नव्हतं हे पुराव्यानं दाखवावं लागतं, तरच प्रदत्त मत हिशेबात येतं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मतानं हरले. तिथंही प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि याचिकेत जे मांडलंच नाही त्यासाठी पाकीट उघडता येणार नाही, असं न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं.

बाकीचे हक्क थोडक्यात. मतदानाची भरपगारी सुट्टी १९९६ मध्ये कायद्यात आली, ती खासगी आस्थापनांतल्या कामगारांनाही लागू आहे. वेळ संपताना जो रांगेत असेल त्याला मत देता येतं. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात त्या याचसाठी.

संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७क, म्हणजे केंद्रावरच्या मतांचा हिशेब, भरतात आणि त्याची प्रत एजंटांना देतात. किती मतदारांना प्रदत्त मतपत्रिका दिल्या, याचा त्यात वेगळा रकाना असतो. ताई मुकाट्यानं घरी गेल्या असतील, तर त्या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं.