घराजवळ की घरात? टाळेबंदीतले ज्येष्ठ, अपंग आणि मोबाईल

पेन्शन चालू राहावी म्हणून निवृत्तांना दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठ्याच्या ठशावर मिळू लागला होता, पण उतारवयात ठसे पुसट होतात आणि बँकेतले खेटे काही चुकत नाहीत. पुढे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने डिजिटल सेवा अपंगांनाही वापरता आल्या पाहिजेत असं बजावलं. या सगळ्याचा कस लागला तो २०२१ च्या कोविड लसीकरणात.

१ मार्चपासून साठीपुढच्यांना लस खुली झाली. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर एका मोबाईल क्रमांकावरून चौघांची नोंदणी करता येई. सोय चांगलीच, पण घरात फोन चालवणारं कोणीतरी तरुण माणूस असणार, हे तिने धरूनच टाकलं. एकट्या राहणाऱ्या आजींनी काय करायचं? ज्येष्ठांना निदान थेट केंद्रावर जाऊन नाव देता येई. १ मेपासून १८ ते ४४ वयोगट आला, तेव्हा सुरुवातीला तीही वाट नव्हती. अंध तरुणापुढे कॅप्चाचं, म्हणजे समोर यंत्र नसून माणूसच आहे हे पटवण्यासाठी वाचायच्या वेड्यावाकड्या अक्षरांचं, चित्र यायचं; ऐकून ओळखता येईल असा कॅप्चा नव्हताच.

खरा वाद पेटला घरी जाऊन लस देण्यावरून. पंचाहत्तरीपुढचे, अपंग आणि अंथरुणाला खिळलेले यांच्यासाठी मुंबईत याचिका झाली. केंद्राचं म्हणणं होतं की कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते, लसीनंतर अर्धा तास लक्ष ठेवावं लागतं, दारोदार हे जमणार नाही. कारणं खोटी नव्हती. पण ती सगळी लस देणाऱ्याच्या अडचणींची होती. मे अखेरीस तोडगा निघाला तो ‘घराजवळच्या’ केंद्रांचा. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पडून असलेल्याला खालच्या पटांगणातलं केंद्र काय कामाचं? जुलैच्या शेवटी मुंबईत घरोघरी लस सुरू झाली, त्यासाठीही आधी ईमेल पाठवायचा होता. देशभर तशी मुभा सप्टेंबरात मिळाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा दाखवायची सोय आली. ठशांची कटकट गेली, पण समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटायच्या होत्या. बँकांच्या ऑनलाइन केवायसीतली, म्हणजे ग्राहकाच्या ओळख-पडताळणीतली, हीच अट अंध आणि ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्यांनी न्यायालयात नेली. एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला: डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पापण्यांना पर्याय द्यावाच लागेल.