तांबड्या समुद्रात बुडालेली तार आणि पन्नास वर्षांचा हप्ता

हिंदुस्थान आणि इंग्लंड यांना समुद्रातून जोडणारी तार 1870 साली मुंबईत आली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याआधी दहा वर्षं हाच मार्ग एकदा बांधून झाला होता आणि पार बुडाला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. पुढच्या समुद्री तारांचे करार कसे लिहायचे, केबल कशी घडवायची आणि पैसा कोणाचा लावायचा, हे त्या बुडालेल्या तारेनं ठरवलं. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

1857 च्या मे महिन्याच्या 10 तारखेला मेरठला उठाव झाला. ही बातमी लंडनला पोचायला जून महिना संपत आला. देशात तारायंत्राच्या लाइनी होत्या. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही ठाणी जोडलेली होती. अडत होतं ते मुंबईच्या धक्क्यावर. तिथून पुढे आगबोटीनं सुएझ, जमिनीवरून अलेक्झांड्रिया, मग पुन्हा बोट. सैन्य मागवायचं तर जायला महिना-सव्वा महिना आणि उत्तर यायला तितकाच.

वाटा दोन होत्या. एक तुर्की मुलखातून बगदादपर्यंत खांबांवरून आणि पुढे इराणच्या आखातातून. दुसरी सुएझहून तांबड्या समुद्रातून एडन आणि तिथून अरबस्तानच्या किनाऱ्यानं कराची. पहिलीत परक्या सरकारचा आणि वाटेतल्या टोळ्यांचा प्रश्न होता. दुसरीत सुएझ सोडलं तर महत्त्वाची ठाणी इंग्रजांचीच होती. एडन आणि कराची ही दोन्ही बंदरं तर तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत. लायनेल गिस्बर्न आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस यांनी या दुसऱ्या वाटेचे परवाने मिळवले, ‘रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी’ उभी राहिली आणि 8 लाख पौंड भांडवल ठरलं.

एवढा पैसा लोकांनी द्यावा यासाठी सरकारी हमी हवी होती. समुद्री तारेच्या हमीचा एक नमुना समोर होताच. अटलांटिकच्या तारेसाठी ब्रिटिश सरकारनं साडेतीन लाख पौंड भांडवलावर 4 टक्के, म्हणजे वर्षाला 14,000 पौंड कबूल केले होते, पण तार चालू असेपर्यंतच. ती तार 1858 च्या ऑगस्टमध्ये जोडली गेली आणि तीनेक आठवड्यांत मुकी झाली. सरकारचा हात मोकळा राहिला, बुडाले ते भागधारक.

तांबड्या समुद्राच्या करारात ही अट राहिली नाही. 8 लाखांवर साडेचार टक्के, म्हणजे वर्षाला 36,000 पौंड, सलग 50 वर्षं. तार चालो वा न चालो. अट घातली असती तर त्या काळात भाग खपणं कठीणच होतं. पण अट काढल्यावर भागधारकाला केबलच्या जाडीशी, खोलीच्या मोजणीशी, ठेकेदाराच्या कामाशी काही देणंघेणं उरलं नाही. त्याचं व्याज तिजोरीतून येणार होतं. केबल चांगली व्हावी म्हणून भांडणारा माणूसच या व्यवहारातून गळाला. माझ्या मते तारेचा घात समुद्रानं केला त्याच्या आधीच या कलमानं केला होता.

केबल पुरवून समुद्रात टाकण्याचा मक्ता आर. एस. न्यूअल कंपनीला मिळाला. केबलची रचना अशी होती. मधे तांब्याचा दोर, दर सागरी मैलाला 180 पौंड. त्यावर गटापर्चाचं वेष्टण, मैलाला 212 पौंड. गटापर्चा म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक. थंड पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो आणि विजेला बाहेर जाऊ देत नाही, मात्र उन्हात मऊ पडतो. त्यावर तागाचा थर आणि सर्वांत बाहेर 18 बारीक लोखंडी तारांचं चिलखत. या तारांना जस्ताचा मुलामा नव्हता. सगळं मिळून वजन मैलाला टनभर. हलकी केबल स्वस्त पडते, जहाजात जास्त मावते आणि सोडायला सोपी जाते. हिशेबाच्या कागदावर या तिन्ही गोष्टी छान दिसतात.

1859 च्या मे महिन्यात सुएझ ते एडन हा भाग टाकला. मधे कोसेर आणि सुआकिन ही ठाणी होती. 1860 च्या सुरुवातीला एडनहून कुरिया मुरिया बेटांपैकी हलानी, तिथून मस्कत आणि कराची. न्यूअलकडून विजेच्या चाचण्या पाहायला वेर्नर सीमेन्स जातीनं हजर होता. एकूण अंतर सुमारे साडेतीन हजार मैल.

प्रत्येक टप्पा टाकल्यावर चालला, पण टिकला नाही. कराचीकडचं टोक किनाऱ्याला लागलं त्या सुमारास सुएझकडच्या टप्प्यांत बिघाड सुरू झाले होते. एक तुकडा जोडावा तर दुसरा जाई. पूर्ण मार्ग भरवशानं चालला असं कधी झालंच नाही.

कारणं एकात एक गुंतलेली होती. ‘सायक्लॉप्स’ या आरमारी जहाजानं खोली मोजली होती, पण मोजणीच्या दोन जागांमधलं अंतर मोठं. तांबड्या समुद्राचा तळ सपाट नाही. पोवळ्यांचे कडे आणि त्यांच्यामधे खोल दऱ्या. अशा तळावर केबल सैल सोडावी लागते. जहाज शंभर मैल गेलं तर केबल एकशे दहा मैल, कुठे त्याहूनही जास्त जायला हवी, म्हणजे ती चढउतारांवर नीट बसते. न्यूअलच्या लोकांनी ती जवळपास ताणूनच टाकली. केबल मैलाच्या भावानं विकत घेतलेली असते, सैल सोडणं म्हणजे पैसे समुद्रात सोडणं. परिणाम असा की ती दोन कड्यांमध्ये लोंबकळत राहिली. त्या कोमट पाण्यात तिच्यावर शिंपले आणि पोवळी चढली, वजन वाढलं. बिनमुलाम्याचं लोखंड गंजून आतून खाल्लं गेलं. शेवटी केबल आपल्याच भारानं तुटायची.

दुरुस्तीतही तोच दोष आडवा येई. बिघाड झाला की जहाज गळ टाकून केबल वर ओढतं. तीनशे वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीवरची केबल पृष्ठभागावर आणायची तर दोन्ही बाजूंनी तिला सैलपणा हवा. ताणलेली आणि गंजलेली केबल गळाला लागली की वर येण्याआधीच तुटे, आणि एका बिघाडाचे तीन होत.

अटलांटिक आणि तांबडा समुद्र अशा दोन्ही ठिकाणी हात पोळल्यावर ब्रिटिश व्यापार मंडळ आणि अटलांटिक कंपनी यांची संयुक्त समिती बसली. कॅप्टन डग्लस गाल्टन अध्यक्ष होते. 1861 च्या अहवालातला एक आकडा पुरेसा बोलका आहे: तोवर जगात टाकलेल्या 11,364 मैल समुद्री केबलपैकी चालू होती जेमतेम 3,000 मैल. समितीचा निष्कर्ष मात्र आशेचा होता. समुद्रात तार टाकणं अशक्य नाही. तांब्याची शुद्धता, वेष्टणाची तपासणी, तळाची मोजणी आणि टाकण्याची पद्धत यांत हयगय झाली म्हणून तारा मेल्या.

सरकारनं दोन धडे घेतले. बिनशर्त हमी पुन्हा नको. आणि तार अत्यावश्यक असेल तर व्याजाची हमी देत बसण्यापेक्षा सरकारनं स्वतः ती विकत घेऊन, आपले इंजिनिअर नेमून टाकावी. 1861 ची माल्टा ते अलेक्झांड्रिया तार अशीच झाली. तिच्या केबलची कथा गमतीची आहे. ती आधी फालमथ ते जिब्राल्टरसाठी ठरली, मग रंगून ते सिंगापूरसाठी आणि शेवटी पडली भूमध्य समुद्रात. जहाजाच्या पोटात गुंडाळून ठेवलेली असताना ती आपोआप तापते, हे सीमेन्सच्या तापमापकानं तेव्हाच दाखवलं. ओलसर ताग आणि गंजणारं लोखंड उष्णता निर्माण करतात आणि आतला गटापर्चा मऊ पडतो. तेव्हापासून केबल पाण्यानं भरलेल्या लोखंडी टाक्यांत ठेवून नेण्याची रीत पडली.

हिंदुस्थानसाठी मग आखाताची वाट पुन्हा पुढे आली. या वेळी खर्च हिंदुस्थान सरकारचा, योजना लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक स्टुअर्टची, इंजिनिअर चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क. आखाताच्या वरच्या टोकाचं फाव, मग बुशहर, मुसंदम, ग्वादर हे टप्पे ठरले; ग्वादरपासून कराचीकडे मकरानच्या किनाऱ्यानं खांबांवरची लाइनही होती.

नवी केबल जुन्या केबलशेजारी ठेवली असती तर फरक डोळ्यांनीच कळला असता. तांबं मैलाला 225 पौंड, गटापर्चा 275 पौंड आणि तोही चार थरांत, प्रत्येक थरामधे डांबरी मिश्रण. एका थरात भोक राहिलं तर दुसरा झाकतो. बाहेर 12 जाड लोखंडी तारा, जस्ताचा मुलामा दिलेल्या. त्यावर तागाचं वेष्टण आणि डांबर व वाटलेली गारगोटी यांचं मिश्रण. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आत शिरू नयेत म्हणून गारगोटी. वजन मैलाला सुमारे चार टन, म्हणजे आधीच्या चौपट.

चाचणीची पद्धतही बदलली. गटापर्चाचा विजेला होणारा अडथळा तापमानाबरोबर झपाट्यानं कमी होतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात थंड पाण्यात तपासली तर जवळपास कोणतीही केबल पास होते आणि आखातातल्या उन्हाळी पाण्यात उघडी पडते. म्हणून प्रत्येक तुकडा 75 अंश फॅरनहाइटच्या पाण्यात बुडवून मग मोजायचा, असा नियम केला. आकडे एकाच तापमानाचे असल्यामुळे कारखान्यातलं माप, जहाजावरचं माप आणि टाकल्यावरचं माप यांची तुलना करता येऊ लागली. कुठे बिघाड झाला हे किनाऱ्यावर बसून मैलाच्या हिशेबात सांगता येणं त्यामुळे शक्य झालं.

सुमारे 5,000 टनांची ही केबल शिडांच्या पाच जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला आली: ‘असाये’, ‘ट्वीड’, ‘मॅरियन मूर’, ‘कर्कहॅम’ आणि ‘कॉस्पॅट्रिक’. यातली पहिली दोन मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्यानं सागवानात बांधलेली, पूर्वीच्या इंडियन नेव्हीची लढाऊ जहाजं. ‘ट्वीड’चं मूळ नाव ‘पंजाब’. यंत्र काढून शिडांवर आणल्यावर त्यांना हे नवं काम मिळालं. मुंबईहून आगबोटींनी त्यांना ओढत नेलं आणि 1864 च्या फेब्रुवारीत ग्वादरहून केबल सोडायला सुरुवात झाली. फावच्या मुखाशी नदीचा गाळ इतका की होडीही चालेना. शेकडो माणसांनी चिखलातून रांगत टोक किनाऱ्यापर्यंत ओढत नेलं.

केबल टिकली. अडचण निघाली ती जमिनीवर. फाव ते बगदाद हा तुर्की लाइनचा शेवटचा तुकडा टोळ्यांच्या विरोधामुळे रखडला आणि 1865 च्या सुरुवातीला जोडला गेला. त्याच जानेवारीत स्टुअर्ट कॉन्स्टँटिनोपलला वारला. लंडन ते कराची वीस शब्दांना पाच पौंड असा दर होता. इंग्रजी न येणारे तारबाबू वाटेत ठिकठिकाणी मजकूर पुन्हा लिहून पुढे पाठवत. पोचायला दिवस लागत आणि पोचल्यावर अर्थ लागेलच याची खात्री नसे. कापसाचा भाव एका आकड्यानं चुकला तर मुंबईच्या पेढीला हजारोंचा फटका. व्यापाऱ्यांची मागणी साहजिकच एका कंपनीच्या हातातली, अथपासून इतिपर्यंत समुद्रातून जाणारी तार अशी होती.

पुन्हा तांबडा समुद्र. पण 1869 ला पैशाची हवा बदलली होती. 1866 ला अटलांटिकची तार यशस्वी झाली आणि चालू राहिली. इंग्लंडमधल्या देशी तार कंपन्या सरकारनं विकत घेतल्यामुळे त्यांच्या भागधारकांच्या हातात रोकड आली आणि ती गुंतवायला जागा हवी होती. मँचेस्टरचा कापडव्यापारी जॉन पेंडर यानं हे हेरलं. त्यानं मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी कंपनी केली. सुएझ ते मुंबईसाठी ‘ब्रिटिश-इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी’, भांडवल 12 लाख पौंड, सरकारी हमी शून्य. एक तुकडा बुडाला तरी बाकीच्यांचे भागधारक वाचावेत, हा त्यामागचा हिशेब. केबल बनवून टाकणारी कंपनीही पेंडरच्याच वर्तुळातली होती. तार चालली तरच पैसा, हे आता सर्वांना लागू होतं.

‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज नुकत्याच उघडलेल्या सुएझ कालव्यात मावणारं नव्हतं, म्हणून तेही केपला वळसा घालून आलं. उन्हानं केबल तापू नये यासाठी त्याला पांढरा रंग दिला होता. 1870 च्या फेब्रुवारीच्या मध्याला ते मुंबईहून केबल सोडत निघालं आणि महिनाअखेरीस एडनजवळ पोचलं. मार्चमध्ये सुएझ जोडलं गेलं, जूनमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापर्यंत साखळी पूर्ण झाली. 1872 मध्ये या तुकड्यांच्या कंपन्या ‘ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी’त विलीन झाल्या.

जुन्या तारेचा हप्ता मात्र चालूच होता. 36,000 पौंडांतला निम्मा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला होता आणि तो लंडनमध्ये पौंडांत भरायचा होता. रुपयाचा भाव दोन शिलिंग होता तेव्हा हे वर्षाला 1 लाख 80 हजार रुपये होत. रुपया एक शिलिंग चार पेन्सवर आल्यावर तोच हप्ता 2 लाख 70 हजारांचा झाला. करार 1908 मध्ये संपला, तोवर 8 लाखांच्या तारेसाठी एकूण 18 लाख पौंड मोजून झाले होते.