तराजूवरचं ताट : अपस्मारावरच्या कीटोजेनिक आहाराची गोष्ट

वजन उतरवण्यासाठी ‘कीटो’ करणारे आता प्रत्येक ऑफिसात दोन-चार तरी भेटतात. हा आहार मुळात फिट्स येणाऱ्या, म्हणजे अपस्मार असलेल्या मुलांसाठी आखला होता, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

सुरुवात उपासापासून झाली. उपाशी ठेवलं की आकडी थांबते, हा अनुभव फार जुना. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांतही तो सापडतो. १९११ मध्ये पॅरिसच्या गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांना उपास घडवून त्याच्या नोंदी छापल्या. मग अमेरिकेत, मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला ह्यू काँकलिन मुलांना नुसत्या पाण्यावर ठेवू लागले, कधीकधी तीन आठवड्यांहूनही जास्त. झटके कमी व्हायचे. पण पोरगं उपाशी ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार?

तोड निघाली १९२१ मध्ये. साखर-पिष्ट मिळेनासं झालं की यकृत चरबीपासून कीटोन नावाची रसायनं बनवतं आणि मेंदू त्यांच्यावर भागवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं, की ताटात स्निग्ध भरपूर आणि पिष्ट नाममात्र ठेवलं, तर जेवू घालूनही शरीराची हीच अवस्था आणता येईल. ‘कीटोजेनिक’ हे नाव त्यांचंच. तिथल्याच पीटरमन यांनी पुढे माप बसवलं : वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसभरात १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळं स्निग्ध. आपल्या भाषेत, एका पोळीत दिवसाचा कोटा खलास.

(इथे कुणीतरी चरकसंहितेतलं पंचगव्य घृत काढणारच. ते अपस्मारावर सांगितलंय खरं, पण औषध म्हणून. पानातली भात-पोळी उठवून तिथे तूप बसवण्याशी त्याचं नातं जोडणं म्हणजे ओढाताण.)

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं. गोळी गिळायची की घास न् घास मोजायचा, असा प्रश्न असेल तर उत्तर उघड आहे. आहार निरुपयोगी ठरला नव्हता, फक्त कटकटीचा होता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी तो तग धरून राहिला.

त्याला परत आणलं ते एका बापाच्या रागानं. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांच्या तान्ह्या चार्लीला फिट्स सुरू झाल्या. औषधं झाली, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली. या आहाराचा पत्ता वडिलांना स्वतः वाचनालयात पुस्तकं चाळताना लागला. हॉपकिन्सला डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांच्याकडे नेल्यावर काही दिवसांतच झटके थांबले. हे आधी कुणी का सांगितलं नाही, या संतापातून १९९४ मध्ये चार्ली फाउंडेशन उभं राहिलं.

कडक पुरावा मात्र २००८ पर्यंत नव्हता. त्या वर्षी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या चाचणीचे निकाल आले. औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून खाली आले होते. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के.

तरी मूळ स्वरूपात हा आहार घरी चालवणं म्हणजे दिव्यच. ४:१ चं प्रमाण असेल तर प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, त्यामागे ४ ग्रॅम स्निग्ध. डिजिटल काट्यावर साय, लोणी, अंडं ग्रॅमभराच्या हिशेबानं तोलायचं आणि वाटीला चिकटलेलं क्रीमसुद्धा निपटून मुलाच्या पोटात घालायचं, कारण ते मोजलेलं असतं. खोकल्याच्या गोड सिरपातली साखरही हिशेबात धरावी लागते. शिवाय बद्धकोष्ठ, मुतखडा, खुंटणारी वाढ यांवर डॉक्टरांची नजर हवीच. चरबीपासून ऊर्जा बनवण्याच्या काही जन्मजात दोषांत तर हा आहार जिवावर बेतू शकतो. उलट मेंदूला साखर पोचवणाऱ्या ‘ग्लुट-१’ या प्रथिनाच्या कमतरतेत तोच पहिला उपचार.

जगभर पसरताना म्हणूनच तो सैलावला. २००३ मध्ये हॉपकिन्समधूनच ‘मॉडिफाइड ॲटकिन्स’ची वाट निघाली : कर्बोदकं मोजायची, प्रथिनांवर बंधन नाही, काटा बव्हंशी कपाटात. भात-पोळीच्या देशात हे जास्त जमण्यासारखं. मुंबईत डॉ. जनक नाथन यांच्या चमूनं मूळचा कीटोजेनिक आहार भारतीय मुलांना देऊन पाहिला आणि २००९ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. दिल्लीच्या एम्सनं २०१३ मध्ये १०२ मुलांवरची मॉडिफाइड ॲटकिन्सची चाचणी छापली : निम्म्याहून जास्त झटके कमी झालेली मुलं आहारगटात ५२ टक्के, दुसऱ्या गटात साडेअकरा. पनीर, खोबरं, शेंगदाणे आणि तूप यांवर आता इथल्या आयांचा मेनू ठरतो. शेजारी वाढदिवस असला की केक मात्र नको म्हणावा लागतो, आणि ते त्या पोराला समजावायचं काम आईच्याच वाट्याला येतं.