दरवाजावर भार अख्ख्या जलाशयाचा नसतो

धरणामागे पाणी कोसभर पसरलेलं, म्हणजे तेवढ्या सगळ्या पाण्याचा रेटा दरवाजावर येणार, असं हमखास ऐकू येतं. पटण्यासारखं वाटतं, पण चूक आहे. स्थिर पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेविनने हे 1586 मध्येच मांडलं होतं. मागे तळं असो की अरुंद कालवा, दरवाजापाशी खोली सारखी असेल तर रेटाही सारखाच.

तो रेटा काही थोडाथोडका नसतो म्हणा. 10 मीटर रुंद, 10 मीटर उंच दरवाजा काठोकाठ पाण्यात असेल तर त्यावर सुमारे 500 टन भार येतो. खोली निम्मी झाली की भार निम्मा नव्हे, पाव होतो, कारण दाब आणि भिजलेली उंची दोन्ही घटतात.

मग एवढा दरवाजा उचलतात कसा? सरळ दरवाजा, तो ज्यांत वरखाली सरकतो त्या बाजूच्या खाचांवर दाबला जातो, तिथलं घर्षण जाचतं. म्हणून मोठ्या दरवाजांना चाकं लावतात. वक्राकार दरवाजाची युक्ती मला जास्त आवडते: पाण्याचा रेटा त्याच्या बिजागरीच्या अक्षातूनच जातो, त्यामुळे पाणी उघडायला आडकाठी करत नाही. यंत्राला उरतं ते मुख्यतः वजन आणि थोडं घर्षण.