बीजीपी रूट रिफ्रेश

बीजीपी म्हणजे कुठल्या पत्त्यांपर्यंत कुठल्या वाटेने जायचं, म्हणजेच 'रूट', हे इंटरनेटवरची नेटवर्क आपल्या राउटरमधून एकमेकांना कळवतात ती पद्धत. बीजीपी रूट रिफ्रेश म्हणजे शेजारच्या राउटरला 'तुझ्याकडचे सगळे रूट मला परत एकदा पाठव' असं सांगायची सोय, आणि तेही दोघांमधलं सेशन (जोडणी) चालू असताना. सप्टेंबर २००० मध्ये ती आरएफसी २९१८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) म्हणून आली, लिहिणारे एन्के चेन. मेसेज एवढासा आहे, पण आज भरदिवसा, चालू ट्रॅफिकवर इनबाउंड फिल्टर, म्हणजे शेजाऱ्याकडून आलेले कुठले रूट घ्यायचे ते ठरवणारी चाळणी, बदलता येतो तो बऱ्याच ठिकाणी हिच्यामुळेच.

मुळात बीजीपी पोर्ट १७९ वर टीसीपी कनेक्शन उघडतं, सुरुवातीला एकदा सगळे रूट पाठवतं आणि नंतर फक्त जे बदललं तेवढंच कळवतं. आयपीव्ही४ चं फुल टेबल (अख्ख्या इंटरनेटच्या रूटची यादी) दहा लाख प्रीफिक्सच्या (पत्त्यांच्या गटांच्या) घरात गेलंय, ते सारखं सारखं पाठवणं परवडणारच नाही, त्यामुळे ही पद्धत बरोबरच आहे. पण समजा तुमच्या इनबाउंड फिल्टरने काल एक रूट टाकून दिला आणि आज तुम्ही फिल्टर सैल केला, तर तो रूट आता येणार कुठून? राउटरने तो ठेवलेलाच नाही आणि शेजाऱ्याच्या हिशेबी तो कधीच पाठवून झालाय, त्यामुळे तो आपणहून परत काही पाठवणार नाही.

आधी यावर सरळ उपाय म्हणजे सेशन रीसेट करायचं. ते पडलं की त्या शेजाऱ्याकडून शिकलेले सगळे रूट जातात, ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवर ढकललं जातं, दुसरी लिंक नसेल तर ड्रॉपच होतं, आणि आपण पुढे ज्यांना ते रूट सांगितले होते त्यांनाही विथड्रॉ (रूट मागे घेतल्याचे मेसेज) पाठवावे लागतात, म्हणजे एका फिल्टरच्या ओळीसाठी लांबच्या नेटवर्कपर्यंत हादरा जातो. त्यात कुणी डॅम्पिंग, म्हणजे सारखे ये-जा करणारे रूट काही वेळ न वापरायची सोय, लावलेलं असेल तर सेशन परत उभं राहिल्यावरही आपले प्रीफिक्स तिकडे काही वेळ दाबून ठेवले जाऊ शकतात. दुसरा उपाय होता इनबाउंड सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन, म्हणजे शेजाऱ्याने जे जे पाठवलं त्याची फिल्टर लावण्याआधीची अख्खी कॉपी आपल्याच मेमरीत ठेवायची. चालतं ते, पण प्रत्येक शेजाऱ्यामागे मेमरी जाते.

रूट रिफ्रेशमध्ये ही कॉपी ठेवायची गरज राहत नाही. सेशन सुरू होताना ओपन मेसेजमध्ये दोन्ही राउटर आपापल्या कॅपॅबिलिटी, म्हणजे आपल्याला काय काय जमतं ते, सांगतात, त्यात रूट रिफ्रेशचा कोड २ आहे, आणि समोरच्याने ती सांगितली असेल तरच त्याला विनंती पाठवायची. विनंती म्हणजे टाइप ५ चा मेसेज, १९ बाइटचा नेहमीचा हेडर आणि पुढे फक्त ४ बाइट, कुठल्या ॲड्रेस फॅमिलीचे रूट हवेत ते सांगायला, म्हणजे आयपीव्ही६ चे मागितले तर आयपीव्ही४ ला धक्का लागत नाही. समोरचा राउटर आपला आउटबाउंड फिल्टर लावून त्या फॅमिलीचे रूट नेहमीच्याच अपडेट मेसेजमधून परत पाठवतो. आपल्या बाजूची आउटबाउंड पॉलिसी बदलली तर मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही, रूट आपल्याकडेच असतात. सिस्कोवर हे 'क्लिअर आयपी बीजीपी' कमांडच्या शेवटी 'सॉफ्ट इन' जोडून करतात, आणि ते शेवटचे शब्दच विसरले तर हार्ड रीसेट होतो, म्हणजे सेशनच पडतं, त्यामुळे एंटर दाबायच्या आधी ओळ परत वाचावी. जुनोस (जुनिपरच्या राउटरवरची सिस्टिम) डीफॉल्टनेच आलेले रूट सांभाळून ठेवतं म्हणून तिथे ही विनंती कमी लागते.

एमपीएलएस व्हीपीएनमध्ये, म्हणजे प्रोव्हायडर एकाच नेटवर्कवर अनेक कस्टमरची खाजगी नेटवर्क वेगवेगळी चालवतो तिथे, तर हे आपोआप चालतं. प्रोव्हायडर एज राउटर (प्रोव्हायडरचा कस्टमरला जोडलेला राउटर) ज्या रूट टार्गेटशी (रूट कुठल्या व्हीपीएनचा ते सांगणाऱ्या खुणेशी) आपला संबंध नाही त्याचे रूट टाकून देतो, आणि नवा कस्टमर जोडला, नवा व्हीआरएफ (त्या कस्टमरचं वेगळं रूट टेबल) आला, की स्वतःच रिफ्रेश मागून ते मिळवतो.

मूळ डिझाइनमध्ये एक उणीव राहिली होती. पुन्हा पाठवणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे कळायचं नाही, त्यामुळे आपल्याकडे चुकून एखादा मेलेला रूट पडून असेल तर तो रिफ्रेशनंतरही तसाच राहायचा. जुलै २०१४ च्या आरएफसी ७३१३ ने सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन खुणा आणल्या, ज्यासाठी आधी राखीव ठेवलेला बाइट कामाला आला. सुरुवातीची खूण आली की आधीच्या रूटवर शिळेपणाचा शिक्का बसतो, शेवटची आली की जे परत आले नाहीत ते काढून टाकतात. याला एनहान्स्ड रूट रिफ्रेश म्हणतात, कॅपॅबिलिटी कोड ७०.

सोय फुकट आहे असं मात्र समजू नये, कारण मागणारा २३ बाइट पाठवतो आणि समोरच्याला अख्खं टेबल पुन्हा पाठवावं लागतं. आरपीकेआय तपासणी (एखादा प्रीफिक्स जाहीर करायचा अधिकार त्या नेटवर्कला आहे का, हे सही केलेल्या नोंदींवरून पाहणं) सुरू झाल्यावर काही राउटर त्या नोंदींचा डेटा बदलला की लगेच सगळ्या शेजाऱ्यांकडे रिफ्रेश मागायला लागले, आणि तो डेटा तर सतत बदलत असतो, त्यात शेजाऱ्यांचे सीपीयू विनाकारण भरडले जायचे. म्हणून डिसेंबर २०२२ च्या आरएफसी ९३२४ ने सांगितलं की आरपीकेआयसाठी शेजाऱ्याला त्रास देऊ नका, आलेल्या रूटची कॉपी स्वतःकडेच ठेवा. मेमरी वाचवायला जी कॉपी सोडली होती ती इथे पुन्हा ठेवावी लागते, आणि मेमरी कमी पडत असेल तर त्या राउटरवर ही तपासणी चालवू नये हेच बरं.