श्वासनलिकेतला व्हॉल्व्ह : औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी

हा व्हॉल्व्ह टीबीचे जंतू मारत नाही. ते काम गोळ्यांचेच. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या (एमडीआर) टीबीत फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर तिथे कोट्यवधी जंतू दडून बसतात आणि औषध पुरेसे पोहोचत नाही. श्वासागणिक आत येणारी हवा पोकळीच्या भिंती ताणून धरते, त्यामुळे ती मिटत नाही. व्हॉल्व्ह नेमकी ही हवा अडवतो.

विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आठवा. पाणी वर चढते, परत उतरत नाही. तसेच इथे उच्छ्वासाबरोबर आणि खोकल्याबरोबर हवा व बेडका बाहेर पडतो, श्वास घेताना मात्र पाकळी मिटते. तो भाग हळूहळू आकसतो आणि पोकळीच्या भिंती एकमेकींना टेकतात. फुप्फुस दाबून विसावा देण्याची कल्पना जुनीच. इटलीच्या फोर्लानिनींनी १८८२मध्ये छातीत हवा भरण्याचा उपाय मांडला होता. रबरी व्हॉल्व्ह रशियातल्या बार्नाउल शहरातला. आतून पोकळ नळकांडे, बाहेरून नलिकेला धरून ठेवणाऱ्या पाकळ्या. धातूच्या जाळीचे सिलिकॉन व्हॉल्व्हही मिळतात, पण ते मुळात एम्फिसेमासाठी (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याच्या आजारासाठी) बनवलेले आहेत.

आधी सीटी स्कॅन करून पोकळी कोणत्या नलिकेला जोडली आहे ते ठरवतात. भिंत पातळ असेल तर आशा जास्त. जाड, जुनाट पोकळी सहसा मिटत नाही. शेजारच्या खंडातून चोरवाटेने हवा येत असेल, तर व्हॉल्व्ह बसूनही उपयोग होत नाही. नलिकेच्याच अस्तराला टीबी किंवा पू असेल, तर आधी तो बरा करावा लागतो.

बसवण्याआधी सहा तास उपाशी राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वतःहून बंद करू नका. ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीने) स्राव ओढून घेतात, नलिकेचा व्यास मोजतात आणि त्याहून मोठा व्हॉल्व्ह चिमट्याने बसवतात. लहान पडला तर पहिल्याच जोराच्या खोकल्याने निघतो. हे काम हवा खेचून घेणाऱ्या खोलीतच व्हावे आणि कर्मचाऱ्यांनी एन-९५ मास्क लावावा. इथे काटकसर नको.

पहिले काही दिवस बेडका वाढला तर घाबरू नका. अचानक छातीत कळ येऊन धाप लागली, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका घ्या आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. रक्त पडले किंवा ताप चढला तरी तेच करा. व्हॉल्व्ह खोकल्यातून बाहेर आला तर डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. कधी कडेने मांस वाढते किंवा घट्ट बेडक्याने तोंड बुजते, म्हणून अधूनमधून तपासणी लागते.

व्हॉल्व्ह कायमचा नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षाहून उशिरा, पोकळी मिटलेली दिसली आणि बेडका निगेटिव्ह आला, म्हणजे त्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, की तो चिमट्याने काढतात.

आता आमच्या व्हॉल्व्हच्या धंद्याच्या विरुद्ध वाटेल असा सल्ला. भारतात सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर झालेला बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हा सहा महिन्यांचा उपचार तुम्हाला लागू आहे का, हे आधी सरकारी टीबी केंद्रात विचारा. तिथे औषधे मोफत मिळतात. व्हॉल्व्ह बसला तरी गोळी एकही दिवस चुकवायची नाही.