अँटिट्रस्ट वकिलीची पार्श्वभूमी : दावा लावायचा कोणी?

अमेरिकेत अँटिट्रस्ट (मक्तेदारी आणि संगनमताविरुद्धचे) आणि गुंतागुंतीचे व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलांबद्दल लिहिताना हमखास १८९० च्या शर्मन कायद्यापासून सुरुवात होते. कायदा त्या सालचा आहे हे खरे, पण त्यावर पोट भरणारा वकीलवर्ग उभा राहायला पुढची सत्तर वर्षे गेली. तोवर हा मुख्यतः सरकारी वकिलांचा प्रांत होता. स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे १९११ मध्ये तुकडे झाले, तेही सरकारने लावलेल्या दाव्यातच. नुकसान सोसलेल्या खासगी व्यक्तीला तिप्पट भरपाई मागण्याची सोय मूळ कायद्यात होती. १९१४ च्या क्लेटन कायद्याने ती आणखी ऐसपैस केली. जिंकणाऱ्याच्या वकिलाची वाजवी फी प्रतिवादीने द्यायची, हेही कायद्यात होते. तरी फारसे कोणी त्या वाटेला जात नसे. किमती संगनमताने ठरल्या हे सिद्ध करायचे तर बंद दाराआडचे बोलणे न्यायालयात आणावे लागते, आणि त्यासाठी वादीच्या हातात असलेली साधने फारच तोकडी होती. १९३८ मध्ये फेडरल (केंद्रीय) न्यायालयांचे दिवाणी नियम लागू झाले, तेव्हा समोरच्याचे कागद मागण्याचा आणि त्याच्या माणसांची शपथेवर जबानी घेण्याचा रीतसर हक्क मिळाला. डिस्कव्हरी (समोरच्याकडून कागद व माहिती मागवणे) आणि डिपॉझिशन (शपथेवरची जबानी) हे या वकिलाच्या रोजच्या तोंडी असलेले शब्द त्या नियमांतूनच रुळले.

खरी सुरुवात विजेच्या अवजड यंत्रसामग्रीपासून झाली. टेनेसी खोऱ्यात वीज पुरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या एक गोष्ट लक्षात आली : वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोहोरबंद निविदांमधले आकडे जुळत होते, आणि तेही सेंटपर्यंत. चौकशी सुरू झाली. ट्रान्सफॉर्मर, टर्बाइन, स्विचगिअर (वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी यंत्रणा) अशा एकेका मालासाठी वेगळे संगनमत असल्याचे त्यातून बाहेर आले. स्विचगिअरवाल्यांनी तर चंद्राच्या कलांच्या नावाने ओळखला जाणारा एक तक्ताच केला होता. या पंधरवड्यात सर्वांत कमी भाव कोणी भरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या किती वर राहायचे, हे त्या तक्त्यावरून ठरे. २९ कंपन्या गुन्हा कबूल करून किंवा न लढता शिक्षेला तयार होऊन सुटल्या. दंड सगळा मिळून सुमारे २० लाख डॉलर झाला. फेब्रुवारी १९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना प्रत्येकी ३० दिवस तुरुंगात धाडले. सुटाबुटातले व्यवस्थापक गजाआड गेले म्हणून वर्तमानपत्रांना ते ३० दिवस फार मोठे वाटले. कंपन्यांना मात्र खरा घोर पुढच्या गोष्टीचा होता.

वीज कंपन्या, नगरपालिका, राज्ये असे सगळे खरेदीदार तिप्पट भरपाई मागत न्यायालयात आले. ३५ फेडरल जिल्हा न्यायालयांत मिळून १,९०० पेक्षा जास्त दावे झाले. प्रतिवादी तेच, साक्षीदार तेच, कागद तेच. प्रत्येक न्यायालयाने आपापल्या परीने काम चालवले असते तर एकेका अधिकाऱ्याला शेकडो वेळा जबानी द्यावी लागली असती. १९६२ मध्ये नऊ न्यायाधीशांची एक समिती बसली आणि तिने कायद्यात कुठेही नसलेली व्यवस्था सहमतीने उभी केली. साक्षीदाराची जबानी देशभरासाठी एकदाच होई. सगळे कागद एका ठिकाणी ठेवून सर्वांना खुले होत. वादींच्या बाजूने शेकडो वकील असले तरी प्रश्न मोजक्यांनीच विचारायचे, असा दंडक होता. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळे दावे निकालात निघाले. त्यांतले प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत गेलेले बोटांवर मोजण्याइतकेच, बाकीच्यांत तडजोड झाली.

या वकिलीचा साचा मला १८९० पेक्षा त्या नऊ न्यायाधीशांच्या कामात जास्त दिसतो. १९६८ मध्ये कायदा झाला आणि सात न्यायाधीशांचे कायम मंडळ आले. सारख्या विषयाचे दावे देशभरातून उचलून सुनावणीपूर्व कामासाठी एका न्यायाधीशाकडे सोपवायचे, हे त्याचे काम. त्याआधी दोनच वर्षे, १९६६ मध्ये, क्लास ॲक्शनचा, म्हणजे सामूहिक दाव्याचा, नियम नव्याने लिहिला गेला होता. त्यामुळे काही मोजक्यांनी हजारोंच्या वतीने पैसे मागणे शक्य झाले. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि वकिलाचे कामच पालटले. ज्युरीपुढे बोलून जिंकणारा वकील मागे पडला. लीड कौन्सेल (वादींचा प्रमुख वकील) म्हणून नेमणूक मिळवणारा, दहा फर्मची समिती सांभाळणारा, कागदांच्या डोंगरातून तीन ईमेल शोधणारा आणि योग्य वेळी तडजोडीला बसणारा वकील पुढे आला. (तेव्हा ईमेल नव्हते, हॉटेलच्या नोंदवह्या आणि खर्चाची बिले होती. शोधण्याची रीत तीच.) असे एकत्र केलेले दावे नियमाप्रमाणे अखेर मूळ न्यायालयांत परत जायला हवेत. फार थोडे जातात.

सरकारी दाव्यांनीही त्या दशकांत फर्म पोसल्या. आयबीएमवरचा दावा जानेवारी १९६९ मध्ये दाखल झाला, सुनावणी १९७५ मध्ये उभी राहिली आणि जानेवारी १९८२ मध्ये सरकारने तो निर्णयाविना सोडून दिला. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या विभाजनाचा समझोता जाहीर झाला तो याच दिवशी. तेरा वर्षांत नवा रुजू झालेला असोसिएट (पगारी कनिष्ठ वकील) फर्मचा पार्टनर होण्याच्या वयाला येतो. एकाच पक्षकाराच्या एकाच दाव्यावर अख्खी उमेदवारी जाऊ शकते, हे मोठ्या फर्मना तेव्हा कळले आणि अशा कामासाठी वेगळे विभाग निघाले.

आता ज्या निकालावर आजही दोन तट पडतात त्याकडे वळू. १९६८ मध्ये जोडे बनवणाऱ्या एका कारखान्याने यंत्रसामग्रीच्या मक्तेदार कंपनीवर लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आला. मक्तेदाराचे म्हणणे असे : जादा पैसे आम्ही घेतले असतील, पण कारखान्याने ते जोड्यांच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाकडून वसूल केले, मग त्याचे नुकसान काय झाले? न्यायालयाने हा बचाव धुडकावला. थेट खरेदीदाराने पुढे कितीही वसूल केले असले तरी भरपाई पूर्ण त्यालाच. नाहीतर प्रत्येक प्रतिवादी हेच सांगेल, आणि जोड्यामागे दोन सेंट गमावलेला शेवटचा गिऱ्हाईक काही न्यायालयात येणार नाही. इथवर बहुतेकांना पटते.

नऊ वर्षांनी तेच नाणे उलटे पडले. शिकागो परिसरात काँक्रीटचे ब्लॉक बनवणाऱ्यांनी संगनमताने भाव चढवल्याचा आरोप होता. ब्लॉक घेत बांधकामाचे उपकंत्राटदार, त्यांचे बिल जाई मुख्य कंत्राटदाराकडे आणि ते सगळे शेवटी इमारत बांधून घेणाऱ्याच्या माथी येई. इमारती इलिनॉय राज्याच्या आणि सुमारे ७०० स्थानिक संस्थांच्या होत्या. ३० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम आपल्याकडून उकळली गेली असे त्यांचे म्हणणे होते. जून १९७७ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले की थेट खरेदी न करणाऱ्याला फेडरल कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. पुढे ढकललेली रक्कम प्रतिवादीला मोजता येत नसेल तर वादीलाही मोजता येणार नाही, असा तो न्याय. तसे केले नाही तर एकाच रकमेची भरपाई दोनदा द्यावी लागेल आणि दर पायरीवर किती रक्कम जिरली याचा हिशेब करताना न्यायालयांचा जीव जाईल.

तीन न्यायाधीशांनी विरोध केला आणि त्यांच्या हातात एक ताजा पुरावा होता. अवघ्या काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९७६ मध्ये, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) राज्यांच्या महाधिवक्त्यांना आपल्या रहिवाशांच्या वतीने तिप्पट भरपाई मागण्याचा अधिकार दिला होता. सामान्य रहिवासी कारखान्यातून थेट माल घेतो कुठे? तो दुकानातून घेतो. म्हणजे नव्या अधिकारातली निम्मी हवा या निकालाने काढून घेतली. निकालाचे समर्थक म्हणतात की हक्क एकाच्याच हाती दिला तर तो लढण्याजोगा मोठा राहतो. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण ज्याच्याकडून रोज माल घ्यायचा त्याच्यावरच दावा लावायचा, म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. वितरक असा दावा लावायला कचरतो. शिवाय जादा रक्कम त्याने वसूल केलेलीच असते. ज्याच्या खिशाला झळ लागली तो उंबऱ्याबाहेर आणि ज्याला लागली नाही त्याच्या हाती हक्क, असे हे त्रांगडे आहे.

काँग्रेसमध्ये निकाल फिरवण्याची विधेयके आली आणि पडली. मग राज्यांनी आपापले कायदे बदलले. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्येच सुधारणा केली. अशा कायद्यांना फेडरल कायद्याची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले. आज निम्म्याहून जास्त राज्यांत अप्रत्यक्ष खरेदीदाराला दावा लावता येतो. २००५ च्या क्लास ॲक्शनविषयक कायद्याने हे राज्य कायद्यांवरचे मोठे दावेही फेडरल न्यायालयांत ओढून आणले. म्हणजे ज्या हिशेबाच्या भीतीने १९७७ मध्ये दार लावले, तो हिशेब आता रोज होतो, आणि तोही एका कायद्याखाली नव्हे तर वीस-पंचवीस राज्यांच्या कायद्यांखाली एकाच वेळी. न्यायालयाने टाळलेली गुंतागुंत त्याच्याच दारात कित्येक पटींनी येऊन बसली.

वकिलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते मोटारींच्या सुट्या भागांच्या दाव्यांत पाहावे. हे दावे २०१२ पासून डेट्रॉइटच्या फेडरल न्यायालयात एकत्र झाले. संगनमत तेच, पण वादींच्या बाजूला वेगवेगळ्या वकिलांचे ताफे : एक थेट खरेदीदारांचा, एक मोटार विक्रेत्यांचा आणि एक शेवटच्या ग्राहकांचा. एका ताफ्याचा अर्थतज्ज्ञ सांगतो की जादा रक्कम पूर्ण खाली उतरली. दुसऱ्याचा सांगतो की ती मध्येच अडकली. प्रतिवादींचे वकील तिघांना एकमेकांसमोर उभे करतात. शेवटच्या ग्राहकांच्या पदरात तिथे एकूण एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त तडजोडी पडल्या. फेडरल कायद्याप्रमाणे या ग्राहकांना भरपाईचा दावाच नव्हता.

नव्वदीनंतरचे बदल थोडक्यात आटोपतात. १९९३ मध्ये न्याय विभागाने माफीची योजना सुधारली : संगनमत करणाऱ्यांपैकी जो आधी येऊन सांगेल तो फौजदारीतून सुटेल. १९९९ मध्ये जीवनसत्त्वांच्या प्रकरणात हॉफमन-ला रोश या औषध कंपनीने ५० कोटी डॉलर दंड कबूल केला. शर्मन कायद्यातला मूळ कमाल दंड ५,००० डॉलरचा होता हे लक्षात घेतले की काळ किती पुढे गेला ते कळते. २००४ मध्ये माफी मिळालेल्याला खासगी वादींना मदत करण्याच्या अटीवर तिप्पटऐवजी एकपट भरपाईची सवलत मिळाली. त्यामुळे वादींच्या वकिलाला आतली माहिती आयती मिळू लागली.

दुसरीकडे न्यायालयांनी हात आखडता घेतला. नुसत्या शक्यतांवर उभा असलेला कटाचा आरोप ज्युरीपुढे जाऊ द्यायचा नाही, हे १९८६ मध्ये ठरले. टेलिफोन कंपन्यांच्या २००७ च्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की सगळे सारखे वागले एवढे लिहून दावा पुढे जाणार नाही, आणि त्यामागे डिस्कव्हरीचा अवाढव्य खर्च हे कारण उघडपणे दिले. तेव्हापासून दावापत्र दाखल करायच्या आधीच अर्थतज्ज्ञाकडे खेटे घालावे लागतात. २०१३ मध्ये आणखी दोन निकाल आले. एकाने क्लास (एकत्र दावा लावणारा वादींचा गट) मंजूर करतानाच नुकसान मोजण्याचे गणित तपासायला लावले. दुसऱ्याने लवादाच्या कलमांना इतके बळ दिले की छोट्या व्यापाऱ्यांना एकत्र येऊन लढणेच अवघड झाले. क्लास मंजूर होतो की नाही ही सुनावणी आता खरी लढाई झाली आहे. ती हरलेला वादी घरी जातो आणि ती हरलेला प्रतिवादी चेकबुक काढतो. म्हणूनच या क्षेत्रात वीस वर्षे काढलेल्या वकिलाच्या नावावर ज्युरीपुढचे चार-दोनच दावे असतात, तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही. डिपॉझिशन मात्र शेकड्यांनी. नियमाने एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास मिळतात. त्यातले दोन तास कंपनीची रचना विचारण्यात घालवणारा वकील नवखा समजला जातो.

फीचे गणितही दोन तऱ्हांचे. बचावाचे वकील तासांवर पैसे घेतात. वादींचे वकील खर्च स्वतः घालतात, पाच-सहा वर्षे वाट पाहतात आणि तडजोड झाली तर न्यायालयाने मंजूर केलेला वाटा घेतात. तो बऱ्याचदा पाव ते एक तृतीयांश असतो. टीका याच वाट्यावर होते. क्लास नामंजूर झाल्यावर बुडालेल्या खर्चाबद्दल टीकाकार फारसे बोलत नाहीत.

१९७७ चा निकाल २०१९ मध्ये पुन्हा उकरला गेला. आयफोनवरची ॲप ग्राहक ॲपलच्या दुकानातून घेतात, पण किंमत ॲप बनवणारा ठरवतो. मग थेट खरेदीदार कोण? पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ग्राहकांचा दावा चालू दिला : पैसे ज्याला थेट दिले त्याच्यावर दावा लावता येतो, किंमत कोणी ठरवली हा प्रश्न नाही. जुना नियम मोडला नाही, नुसता वळवला. २००७ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९६८ आणि १९७७ चे दोन्ही निकाल कायद्याने रद्द करावेत अशी शिफारस केली होती. ते भिजत घोंगडे तसेच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय सरकारी दाव्यात आला, आणि खासगी वकिलांनी क्लेटन कायद्याचे पाचवे कलम पुन्हा उघडले. खासगी दाव्याची मुदत एरवी चार वर्षांची. सरकारी दावा चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी एक वर्ष ती थांबलेली राहते. सरकारी दाव्यात कशाबद्दल तक्रार होती आणि कशाबद्दल नव्हती, हे ओळीओळीने जुळवून पाहिल्याशिवाय ही सवलत मिळत नाही. फर्ममध्ये हे काम बहुधा नव्या असोसिएटकडे जाते, आणि त्याने काढलेली तारीख दोन सीनियर पुन्हा तपासतात.